कुठली सोलं?

विष्णू गवस पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तो अपघात टाळायचं औषध मागायला. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "बाय, ता अँटी-ॲक्सिडंट काय म्हणतत, ता आसा तुझ्याकडे?"

विष्णू खाणीचा ट्रक चालवायचा. शिरगावहून खनिज भरायचं आणि धक्क्यावर नेऊन ओतायचं, यात त्याची उमेदीची वर्षं गेली. अशा माणसाला अपघातावर गोळी हवीशी वाटली तर त्यात नवल नाही, पण तो ट्रकबद्दल बोलतच नव्हता. त्याने मोबाईल काढून मला एक व्हिडिओ दाखवला. त्यात पांढरा कोट घातलेला एक गोरागोमटा गृहस्थ सांगत होता, की रोज अँटिऑक्सिडंट घ्या, साखर, प्रेशर, सांधे, सगळं ताळ्यावर येईल.

"माझ्यासाठी नको," विष्णू म्हणाला. "सुमतीसाठी होया. तिका साखर आसा. खाणी बंद पडल्यापासून मी घराकडेच आसंय, तर म्हटलां आता तरी तिच्याकडे बघूया."

सुमती म्हणजे त्याची बायको, डिचोलीजवळच्या सर्वण गावची. विष्णू मूळचा दोडामार्गाकडचा, पण खाणीच्या निमित्ताने इकडे आला आणि सासुरवाडीच्याच गावात घर बांधून राहिला. सुमतीच्या साखरेच्या आणि प्रेशरच्या गोळ्या माझ्याकडूनच जात. गोळ्या न्यायला ती स्वतः यायची. नवरा काउंटरवर उभा राहिलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

डिचोलीच्या बाजारात माझी फार्मसी आहे. जुनी माणसं अजून फार्मासी म्हणतात, आणि तो पोर्तुगीज हेल मला आवडतो. माहेर पेडण्याचं, शिक्षण पणजीला, आणि लग्नानंतर आजतागायत हा काउंटर. अंकाच्या संपादकांनी मला 'वनस्पतींतले अँटिऑक्सिडंट आणि आपलं आरोग्य' यावर चार सोपे शब्द लिहायला सांगितले. सोपे लिहिते, चारच लिहीन याची हमी देत नाही. आणि हा विषय निघाला की माझ्या डोळ्यांसमोर विष्णूच येतो, तेव्हा तो लेखात राहणार.

आधी शास्त्र उरकते. नीरफणसाच्या कापा करून ताटात ठेवा आणि शेजारणीशी बोलायला जा. परत येईपर्यंत कापा काळवंडलेल्या असतात. हवेतल्या प्राणवायूने केलेला हा उद्योग. म्हणून आपल्या बायका त्या कापा पाण्यात टाकतात आणि पाण्यात एखादं आंबट सोल सोडतात. कापा गोऱ्या राहतात. आपल्या शरीरातही अन्न जाळून शक्ती करताना काही उपद्रवी कण तयार होतात आणि पेशींना असेच कुरतडतात. त्यांना जे आवरतं ते अँटिऑक्सिडंट. शरीर स्वतः ते बनवतं, आणि काही झाडांकडून आपल्याला मिळतात. झाडाला उन्हातून उठून सावलीत जाता येत नाही. उभ्या जागी तगायचं म्हणून ते रंग तयार करतं, तुरटपणा, कडवटपणा तयार करतं. कोकमाचा लाल, हळदीचा पिवळा, तांबड्या भाजीचा तो हाताला लागणारा रंग, आवळ्याचा तुरटपणा, सगळं झाडाने स्वतःसाठी केलेलं. आपण त्यात आयते वाटेकरी.

इथपर्यंत सगळं छान आहे आणि व्हिडिओवाले इथेच थांबतात. पुढचं असं, की ताटात जे घडतं ते तसंच्या तसं पोटात घडत नाही. भाज्या-फळं रोज खाणारी माणसं एकंदरीत बरी राहतात हे खरं. पण त्यातलं एकच द्रव्य काढून, घट्ट करून, कॅप्सूलमध्ये भरून दिलं की तोच गुण येतो असं नाही. काही वेळा उलटही होतं. झाडात एक द्रव्य एकटं नसतं, त्याच्याबरोबर आणखी मंडळी असतात आणि त्यातली सगळीच आपली हितचिंतक नसतात.

विष्णूला मी हे एवढं सांगितलं नाही. म्हटलं, "गोळी नको रे. जेवणात रंग येवंदेत. तांबडी भाजी, मसकासांगेचो पालो, आवाळो. थोडां थोडां, पण रोज."

"एवढांच?" तो म्हणाला.

हा 'एवढंच' मी आयुष्यभर ऐकत आले आहे. माणसाला आपल्या माणसासाठी काहीतरी करायचं असतं, बाटली हातात घेऊन घरी जायचं असतं. तांबडी भाजी आण, मसकासांगेचा म्हणजे शेवग्याचा पाला आण म्हटलं की त्याला आपण हात हलवत परत निघाल्यासारखं वाटतं.

लोकांना वाटतं, फार्मसीवाली म्हणजे फळीवरचा डबा उतरवून देणारी बाई. डबा कोणीही उतरवेल. माझं निम्मं काम प्रश्न विचारण्याचं आहे. चिठ्ठीवरच्या औषधाशेजारी हा माणूस घरी आणखी काय घेतो, हे कळल्याशिवाय मी पिशवी हातात देत नाही. गिऱ्हाइकं वैतागतात. मागे रांग लागते. लागू दे.

आमचे एक प्रभुदेसाईबाब होते. वास्कोला बंदरावर नोकरी करून निवृत्त झाले आणि डिचोलीच्या घरी येऊन राहिले. रुबाबदार माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मिठ्ठास. हृदयाचं दुखणं होऊन गेलेलं, म्हणून रक्त पातळ राहायच्या गोळ्या चालू. एकदा त्यांनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मागितल्या. मी म्हटलं, "देत नाही."

"हळदीला नाही म्हणतेस? आमच्या घरात हळद बाळंतिणीपासून लोणच्यापर्यंत चालते."

"लोणच्यातली खा, बाब. ही घट्ट केलेली आहे. तुमचं रक्त आधीच पातळ ठेवलंय, ही आणखी पातळ करायला गेली तर दाढी करताना कापलेलं थांबणार नाही. डॉक्टरना विचारून या, त्यांनी हो म्हटलं तर देते."

"गिऱ्हाइकाला परत पाठवणारी वाणीण मी पहिल्यांदा बघतो," ते हसून म्हणाले आणि गेले. कॅप्सूल त्यांनी मोबाईलवरून मागवल्या असणार, कारण नंतर त्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं म्हणून त्यांचा गडी कापूस न्यायला आला. मी त्याच्याबरोबर निरोप पाठवला, कॅप्सूल बंद करा आणि आजच डॉक्टरकडे जा. त्यांनी ऐकलं, बरे झाले, पण माझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत. मी बरोबर होते याचा आनंद आहे. बंदरावरचे त्यांचे किस्से ऐकायला मिळत नाहीत याची हळहळ त्याहून मोठी आहे.

आता सुमतीचं. विष्णू व्हिडिओ घेऊन आला त्याच वर्षीचा पावसाळा सरत आला होता. सुमती गोळ्या न्यायला आली ती थकलेली वाटली. तोंडाला चव नाही म्हणाली. मी डॉक्टरकडे जायला सांगितलं. तिने मान हलवली, आणि पुढे बरेच दिवस ती दिसली नाही.

मग एका सकाळी विष्णू आला. डोक्यावर हेल्मेट तसंच, खांद्याला पांढरी कापडी पिशवी, हातात म्हापशाच्या इस्पितळातली चिठ्ठी. उलटी आणि उचकी थांबायची औषधं लिहिली होती.

"ॲडमिट केलां तिका," तो म्हणाला. "किडन्यो काम करीत नाय म्हणतत. आज बघतले, नायतर मशीन लावचा पडात."

साखरेच्या आजारात मूत्रपिंडं हळूहळू थकतात, हे मला ठाऊक होतं. पण सुमतीचे रिपोर्ट मी पाहत आले होते. इतकी एकाएकी घसरण व्हायचं कारण नव्हतं.

"डॉक्टरान काय विचारल्यान?"

"गावठी वखद घेता काय म्हणान विचारल्यान. तिणा नाय म्हणान सांगल्यान. आमी खय घेतो वखद?"

"आनी दुसरा काय? खाण्या-पिण्यात नवीन?"

"नवीन कायच नाय. सोलांचा पाणी तेवढा दितंय. ताच घेवन चाललंय. थयला पाणी तिका नको झालां."

सोलांचं पाणी म्हटल्यावर आमच्याकडे कोणाच्याही कपाळाला आठी पडणार नाही. भिरंड, म्हणजे तुमचं कोकम. त्याची वाळवलेली साल ती सोलं. उन्हाळ्यात आम्ही ते पाणी पितो, कढी करतो, पित्त उठलं की अंगाला लावतो. मी मनात म्हटलं, मीठ घालत असेल तर सांगायला हवं, आणि औषधं काढायला वळले.

परत वळले तर विष्णूने पिशवी काउंटरवर ठेवली होती. आतल्या थर्मासचं झाकण सैल होतं आणि पिशवीला ओल आली होती. कोकमाचा डाग काय असतो ते मला विचारा, माझ्या दोन साड्या त्यात गेल्या. लालभडक डाग, धुऊन जात नाही. त्या पांढऱ्या पिशवीवरचा डाग हिरवट पिवळा होता.

"विष्णू, कुठली सोलां?"

"बिंबलांची," तो म्हणाला, जणू दुसरी कुठली असायची. "कोकमां कधीच संपली. बावीकडचो बिंबलो भरललो आसा. ताजी बिंबलां वाटून रस काढतंय. व्हिडिओत सांगल्यान, जेवढा आंबट तेवढा चांगला."

आमच्या या भागात सोल हा एका झाडाचा मक्ता नाही. भिरंडाची सोलं असतात, कैरीची असतात, बिंबलं चिरून वाळवली की तीही सोलंच. आणि विष्णूच्या घरात ताज्या बिंबलांच्या रसालाही सोलांचं पाणीच म्हणत. ज्याने जेवण आंबट होतं ते सोल. औषध ते नव्हेच, ते स्वयंपाकघरातलं. म्हणून डॉक्टरने वखद घेता का विचारलं तेव्हा सुमतीने नाही म्हणून सांगितलं, आणि ती खरंच बोलली.

"किती दितंस?"

"गलासभर. सकाळी उपाशीपोटी आनी सांजेक."

बिंबलं तुम्ही पाहिली नसतील तर सांगते. बोटाएवढं हिरवं फळ, झाडाच्या खोडालाच घोस लागतात. मासळीच्या आमटीत, म्हणजे आमच्या हुमणात, दोन-चार घातली की मजा येते. त्यातही अँटिऑक्सिडंट असतात, व्हिडिओवाला खोटं बोलत नव्हता. पण त्याच्याबरोबर ऑक्झॅलिक आम्लही असतं, आणि ते भरपूर. आमटीतल्या दोन-चारांचं ते शरीर निभावून नेतं. ग्लासभर रस, तोही रोज उपाशीपोटी, पोटात गेला की त्या आम्लाचे खडे होतात, बारीक रेतीसारखे, आणि ते मूत्रपिंडाच्या गाळणीत जाऊन बसतात. सुमतीची गाळणी आधीच साखरेने दमलेली.

मी हे विष्णूला सांगितलं. शक्य तितकं हळू सांगितलं, पण दुकानात चार गिऱ्हाइकं होती आणि सगळ्यांनी ऐकलं.

"म्हंजे मी तिका विष दितंय म्हणतंस तू?" त्याचा आवाज चढला. "माझ्या आवशीन जन्मभर हुमणाक बिंबलां घातल्यान. कोण मेला?"

"हुमणाक घातल्यान. गलासान नाय पाजल्यान."

त्याने पिशवीला हात घातला. मी थर्मास काढून घेतला होता. म्हणाला, "माझो थर्मास माका दी." मी म्हटलं, "दिवचंय नाय. ह्यो आता डॉक्टराकडे जातलो, आनी मी तेच्याबरोबर." तो माझ्याकडे असा बघत राहिला, की ट्रकच्या आडवं कोणी आलं असतं तर तसंच बघितलं असतं. पण मी बाजूला होणाऱ्यातली नव्हे. ती पुढची फेरी सुमतीच्या पोटात जाणार होती, सांजेला, त्याच्याच हाताने.

गिऱ्हाइकांना संध्याकाळी या म्हणून सांगून मी शटर ओढलं. फोन करून भागलं असतं असं कोणी म्हणेल. फोनवर नाव कोणाचं सांगू, वॉर्ड कुठला, आणि 'सोलांचं पाणी' म्हणून पुन्हा तोच घोळ झाला तर? मी विष्णूच्या स्कूटरवर मागे बसले, साठीकडे झुकलेली बाई, मांडीवर थर्मास घट्ट धरून. म्हापशाच्या वाटेवरचं अस्नोडा मागे पडलं. मग तो वाऱ्यावर ओरडून म्हणाला, "बाय, तुजा चुकला तर?"

"चुकला तर भर बाजारात तुजी माफी मागान."

थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "आनी चुकूक नाय तर?" तो रडत होता हे मला आरशात दिसलं.

वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने सगळं ऐकून घेतलं, थर्मास उघडला, वास घेतला, आणि तिचा चेहरा बदलला. अशा केसेस तिने वाचल्या होत्या. "मी त्यांना विचारलं होतं, गावठी औषध घेता का," ती म्हणाली. मी म्हटलं, "तुम्ही बरोबर विचारलंत, आणि तिने बरोबर उत्तर दिलं. शब्दच चुकीच्या दारावर गेला." ती लगेच मोठ्या डॉक्टरना बोलवायला धावली. कारण कळलं की पुढचं त्यांचं काम सोपं होत नाही, पण दिशा मिळते. आणि मुख्य म्हणजे तो रस बंद होतो.

मी सुमतीच्या पलंगाजवळ बसले. तोंड सुजलेलं, मधूनमधून उचकी. विष्णू पायथ्याशी उभा.

"सुमती, तो रस पिऊन तुला बरं वाटत होतं?"

तिने नकाराची मान हलवली. "म्हाका ओंक येताली, बाय. पोटांत घोळटालें. तरी घोटलें हांवें."

"उलटी येत होती तर नको का नाही म्हणालीस?"

ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "लग्न जालें तेन्नासावन हांवें ताका च्या दिली, उदक दिलें, जेवण वाडलें. ताणें म्हाका कितेंय हातांत हाडून दिल्लें तें हेंच पयलें. ताका ना कशें म्हणूं?"

लग्नापासून चहा, पाणी, जेवण तीच त्याला देत आली होती; त्याने तिच्या हातात आणून दिलेलं पहिलं काही म्हणजे हा रस. विष्णू वळून व्हरांड्यात गेला.

सुमतीला मशीनवर, म्हणजे डायलिसिसवर, घ्यावं लागलं. काही आठवडे फार वाईट गेले. मग हळूहळू लघवी वाढली, आकडे उतरले, आणि मशीन सुटलं. मूत्रपिंडं सावरली, पण पुरती नाही. आता तिची भाजी उकडून, पाणी ओतून टाकून मग फोडणीला जाते. शहाळं बंद, फळं मोजून, आणि दिवसाचं पाणीही डॉक्टरने ठरवून दिलेलं. झाडांतल्या ज्या ज्या गोष्टींची मी लोकांना शिफारस करते, त्यातल्या निम्म्या तिला चालत नाहीत. आरोग्यावर लिहिणाऱ्यांनी ही ओळ विसरू नये. चांगली वस्तू सगळ्यांना चांगली असेलच असं नाही.

मी काउंटरवर पाटी लावली. 'औषध घेता का' असं त्यावर लिहिलेलं नाही. लिहिलंय, 'रोज पोटात काय काय जातं ते सांगा. पाणी, काढा, रस, सोलं. सोलं असतील तर कुठली?' शिकलेले पर्यटक पाटीचा फोटो काढून हसतात. आमची माणसं हसत नाहीत, सांगतात. करमलांचा, म्हणजे तसल्याच आंबट कमरखांचा, रस पिणारे सापडले, साखरेच्या गोळीच्या जोडीला कडुनिंबाचा काढा घेणारे सापडले. मी प्रत्येकाला उभं करते आणि सगळं वदवून घेते. रांग अजून लागते.

सुमतीला घरी नेल्या नेल्या विष्णूने कोयता काढला आणि बिंबल तोडायला निघाला. सुमतीने अडवलं. हुमणात काय घालू म्हणाली. झाड राहिलं. विष्णू मात्र बदलला. माझ्या दुकानात आला की माझ्या आधी तोच गिऱ्हाइकांची उलटतपासणी घ्यायचा, "सोलां पितंस? कुठली?" बाहेर एवढा धीट झालेला हा माणूस घरी काय करतो ते मला सुमतीकडून कळलं.

ती बरी होऊन गोळ्या न्यायला आली होती. पाटी वाचली, थोडी हसली, आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "आतां तो रांदचेकुडींत पाय दवरिना, बाय. म्हाका उदक लेगीत दिना. हात लावपाक भियेता. हांव बरी जालीं, पूण तो परतो पयलींसारको जालो." स्वयंपाकघरात तो पाऊल ठेवत नव्हता. तिला साधं पाणी द्यायलाही घाबरत होता. किडन्या निम्म्या गेल्याची तक्रार तिने माझ्याकडे कधी केली नाही. तक्रार केली ती ही.

मी दुसऱ्याच दिवशी विष्णूला बोलावून घेतलं. म्हटलं, डॉक्टरने तिचं दिवसाचं पाणी ठरवून दिलंय ना? त्यातलं सकाळचं पाणी तिला तू द्यायचंस. हे माझं प्रिस्क्रिप्शन, आणि मी चिठ्ठीशिवाय देते आहे.

"माका जमाचा नाय," तो म्हणाला. "ह्या हातानच..."

"त्याच हातान दी."

"नुसता पाणी? तेच्यात कायच नाय?"

"कायच नाय."

पुढच्या खेपेला सुमती आली तेव्हा मी गोळ्या बांधता बांधता विचारलं, "पाणी देतो का गं?"

"दिता," ती म्हणाली. "पूण आदीं आपूण एक घोट पियेता, मातसो वेळ रावता, आनी मागीरच म्हाका दिता."